ब्लॅकमोर गेल्यानंतरचं डीप पर्पल: 'मशीन हेड'शेजारी '=१' ठेवून ऐकताना

तुमचा पाच जणांचा बँड गॅदरिंगला डीप पर्पल या ब्रिटिश रॉक बँडची दोन गाणी करणार आहे. एक १९७२ च्या 'मशीन हेड' अल्बममधलं, एक २०२४ च्या '=१'मधलं (नाव 'इक्वल्स वन' असं म्हणायचं). घरी तुझे काका म्हणतात, गिटारवाला रिची ब्लॅकमोर बँड सोडून गेला तेव्हाच पर्पल संपलं, आता नुसतं नाव उरलंय. तुला नवीन अल्बम आवडतो, तरी जुन्याशेजारी लावला की काहीतरी कमी पडतंय असं वाटतं, आणि ते नेमकं काय ते सापडत नाही. शिवाय दोन्हींतून कोणती गाणी घ्यावीत, हेही तू विचारलंस.

मी ३० वर्षांच्या वर नागपुरात ऑर्केस्ट्रातून ड्रम्स वाजवतोय. गणपतीचे मंडप, लग्नाचे लॉन, देशपांडे हॉल, सगळीकडे वाजवलंय, आणि गेली काही वर्षं धरमपेठेत पोरांना शिकवतो. त्यामुळे हे दोन्ही अल्बम मी ड्रम्सच्या स्टुलावर बसून ऐकतो. गिटारवाला तुला वेगळं उत्तर देऊ शकेल.

'मशीन हेड' मोठा आहे. याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण काका त्याचं जे कारण देतात ते मला पटत नाही.

आधी साधा हिशेब. ब्लॅकमोर पर्पलमध्ये १९६८ ते १९७५ होता, मग १९८४ ते १९९३. मिळून १६ वर्षं. त्याच्यानंतर आलेला स्टीव्ह मोर्स १९९४ पासून २०२२ पर्यंत होता, म्हणजे २८ वर्षं. ऑर्गनवर जॉन लॉर्ड २००२ मध्ये थांबला आणि तेव्हापासून डॉन एअरी आहे. इयन गिलन गायला, रॉजर ग्लोव्हर बासवर आणि इयन पेस ड्रम्सवर, हे तिघे 'मशीन हेड'मध्ये होते आणि '=१'मध्येही आहेत. पाचातले तीन. त्यातही १९६८ पासून पर्पलच्या प्रत्येक अल्बमवर वाजवलेला माणूस एकच, पेस. घराण्याचं नाव चालवायचा हक्क या लोकांना नसेल तर मग कोणाला आहे?

मी 'मशीन हेड' पहिल्यांदा ऐकला तो अजनीच्या रेल्वे क्वार्टरमध्ये, शाळेत असताना, एका मोठ्या मुलाने भरून दिलेल्या ९० मिनिटांच्या कॅसेटवर. अल्बम साडेसदतीस मिनिटांचा. कॅसेटची एक बाजू ४५ मिनिटांची, म्हणून शेवटी सातेक मिनिटं उरायची. त्या मुलाने तिथे 'व्हेन अ ब्लाइंड मॅन क्राइज' हे संथ गाणं भरलं होतं. कित्येक वर्षं मी ते अल्बमचंच शेवटचं गाणं समजत होतो. पुढे कळलं की ते त्याच दिवसांत रेकॉर्ड झालेलं, पण अल्बममध्ये न घेतलेलं आणि 'नेव्हर बिफोर'च्या सिंगलच्या, म्हणजे एका गाण्यासाठी काढलेल्या छोट्या रेकॉर्डच्या, मागच्या बाजूला टाकलेलं गाणं आहे. आजही 'स्पेस ट्रकिन'' संपलं की माझा कान त्या गाण्याची वाट पाहतो.

हे सांगायचं कारण, 'मशीन हेड'मध्ये सातच गाणी आहेत. '=१'मध्ये १३ गाणी आणि साधारण ५२ मिनिटं. कॅसेटच्या एका बाजूला तो मावला नसता. तुला जे कमी वाटतं त्याचा एक धागा इथे आहे, त्याकडे मी परत येतो.

'मशीन हेड' कसा झाला ते ठाऊक असलं की तो वेगळा ऐकू येतो. डिसेंबर १९७१ मध्ये हे लोक स्वित्झर्लंडमधल्या माँट्रोला गेले. तिथल्या कसिनोत रेकॉर्डिंग करायचं ठरलं होतं आणि त्यासाठी रोलिंग स्टोन्सचा फिरता स्टुडिओ, म्हणजे आत सगळी यंत्रं बसवलेला ट्रक, भाड्याने आणला होता. ४ डिसेंबरला त्याच कसिनोत फ्रँक झापाचा कार्यक्रम चालू असताना प्रेक्षकांतल्या कोणीतरी छताच्या दिशेने फ्लेअर गन, म्हणजे इशाऱ्याचा जळता गोळा उडवणारी बंदूक, झाडली आणि अख्खा कसिनो जळाला. धूर समोरच्या जिनिव्हा सरोवरावर पसरला. 'स्मोक ऑन द वॉटर' या गाण्यात जे आहे ते अक्षरशः असंच घडलेलं आहे. मग पॅव्हिलियन नावाच्या एका थिएटरात त्यांनी सामान लावलं, तर आवाजाने शेजारी हैराण होऊन पोलीस आले. तेवढ्यात एकाच गाण्याचं वादन टेपवर उतरलं होतं, पुढे हेच 'स्मोक ऑन द वॉटर' झालेलं. शेवटी हिवाळ्यासाठी बंद असलेलं ग्रँड हॉटेल मिळालं. त्याच्या कॉरिडॉरमध्ये, आवाज अडवायला गाद्या लावून, बाकीचा अल्बम वाजवला.

यातली वादकाच्या दृष्टीने सगळ्यात मोठी गोष्ट पुढेच आहे. वाजवलेलं परत ऐकायचं तर खोल्या, बाल्कन्या आणि थंडी ओलांडून बाहेरच्या ट्रकपर्यंत जावं लागायचं. थोड्याच दिवसांत त्यांनी जाणंच सोडलं. पाच जणांना वाजवताना बरं वाटलं की तो टेक पक्का. आपण ऑर्केस्ट्रात स्टेजवर जसं एकमेकांकडे बघून समजतो की आज जमतंय, तसंच. त्या अल्बममध्ये जो विश्वास ऐकू येतो तो तिथून आला आहे. ते स्वतःला तपासत बसलेले नाहीत. इंजिनिअर मार्टिन बर्च होता, ज्याने पुढे आयर्न मेडन या हेवी मेटल बँडचे अल्बम केले. त्याने प्रत्येक वाद्य एवढं मोकळं ठेवलं आहे की आजही प्रत्येक हात वेगळा ऐकू येतो.

आता 'स्मोक'च्या त्या रिफकडे, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या धुनेकडे ये. सीताबर्डीत गिटारच्या दुकानात अर्धा तास थांबलास तर कोणी ना कोणी तो वाजवेलच, आणि दहांतले नऊ चुकीचा वाजवतील. पोरं त्यात पॉवर कॉर्ड लावतात, म्हणजे षड्जावर पंचम. खरा रिफ उलटा आहे. वर षड्ज आणि त्याच्या खाली मंद्र पंचम, म्हणजे दोन सुरांत चौथ्याचं अंतर, आणि तेच अंतर धरून दोन्ही सूर बरोबर सरकतात. वरची ओळ सरगममध्ये लिहितो: सा, कोमल ग, म. सा, कोमल ग, तीव्र म, म. सा, कोमल ग, म, कोमल ग, सा. तीन सूर, मग चार, मग पाच. त्या तीव्र मध्यमाला नुसता स्पर्श करून शुद्ध मध्यमावर उतरणं, सगळी धार तिथेच आहे. ब्लॅकमोर ते पिकने, म्हणजे तारा छेडायच्या छोट्या पट्टीने, वाजवत नाही. दोन तारा दोन बोटांनी एकदम ओढतो, त्यामुळे दोन्ही सूर एकाच क्षणी फुटतात. तुमच्या गिटारवाल्याला एकदा पिकने आणि एकदा बोटांनी वाजवायला सांग. फरक सांगावा लागणार नाही.

पुढे काय होतं ते मे महिन्यात घरातला कूलर बंद करून, हेडफोन लावून ऐक. कूलर चालू असताना हे ऐकूच येत नाही. आधी एकटी गिटार. मग पेसची हाय-हॅट, म्हणजे पायाने मिटणारी झांजांची जोडी, आणि लॉर्डचा हॅमंड ऑर्गन एकदम येतात. मग बाकीचे ड्रम्स. मग बास. आणि सगळ्यांत शेवटी गायक. एकेक माणूस दारातून आत येऊन जागेवर बसावा असं ते आहे. ऑर्गन आला तरी पुष्कळांना तो आल्याचं कळतच नाही, कारण लॉर्डने तो मार्शल ॲम्पमधून, म्हणजे गिटारच्या ॲम्प्लिफायरमधून, काढून गिटारीइतकाच खरखरीत केला आहे आणि तो गिटारीचाच रिफ वाजवतो. गिटार कुठे संपते आणि ऑर्गन कुठे सुरू होतो, ते सांगता येत नाही.

माझ्या मते डीप पर्पल म्हणजे हाच आवाज. ब्लॅकमोर एकटा पर्पल नाही, लॉर्डही नाही. दोघांच्या मधे जो तिसरा आवाज तयार होतो आणि ज्याच्या खाली पेस झुलत असतो, ते पर्पल. काकांना हे ऐकव आणि विचार, इथे ब्लॅकमोर किती आणि लॉर्ड किती ते वेगळं करून दाखवा.

पेसबद्दल थोडं लांबवून लिहितो, कारण त्याच्याबद्दल कोणी लिहीत नाही. तो डावखुरा आहे, त्याचा सेट आपल्या सेटच्या आरशातल्या प्रतिमेसारखा मांडलेला असतो. रॉक ड्रमर म्हणून त्याचं नाव घेतात, पण त्याचा हात जॅझ आणि स्विंगवर घडलेला आहे. 'लेझी' ऐक. साडेसात मिनिटांच्या आसपासचं गाणं, त्यात गिलन गायला लागतो तो चार मिनिटं उलटून गेल्यावर. तोपर्यंत ऑर्गन आणि गिटार गप्पा मारतात आणि खाली पेसचा शफल चालू असतो. शफल म्हणजे प्रत्येक मात्रेचे तीन भाग करायचे, पहिला आणि तिसरा वाजवायचा, मधला गिळायचा. दादरा येणाऱ्या पोराला मी हे दहा मिनिटांत शिकवतो. पण तो मधला गिळलेला भाग किती लांब ठेवायचा, हे शिकायला वर्षं लागतात. पेस तो किंचित लांबवतो, आणि त्यामुळे बँड पळत असूनही धापा टाकत नाही.

'मेबी आय'म अ लिओ' तर मी प्रत्येक विद्यार्थ्याला देतो. हा रिफ ग्लोव्हरचा. जॉन लेननच्या एका गाण्यातला रिफ पहिल्या मात्रेवर सुरू होत नाही हे त्याला फार आवडलं होतं, त्यावरून हे सुचलं. म्हणजे मुखडा सम सोडून उठतो. तबल्याच्या घरात वाढलेल्या पोराला ते लगेच कळतं, इतरांना समेवर जोरात बास ड्रम मारायचा मोह होतो आणि गाणं मोडतं. पेस समेवर नुसता उभा राहतो आणि रिफला त्याच्या मागून जाऊ देतो.

'हायवे स्टार'च्या सोलोबद्दल, म्हणजे गिटारच्या एकट्याच्या वादनाबद्दल, एवढंच की ब्लॅकमोरने तो आधी सूर न् सूर बसवून ठेवला होता, त्यामागे बाखच्या धर्तीची स्वरमालिका आहे. आयत्या वेळी सुचलेला तो नाही. 'नेव्हर बिफोर' बँडला हमखास चालणारं वाटलं होतं म्हणून ते पहिलं सिंगल काढलं, आणि आज अल्बममधलं तेच सगळ्यांत कमी वाजतं. 'स्मोक' सिंगल म्हणून १९७३ मध्ये आलं आणि अमेरिकेत चौथ्या क्रमांकापर्यंत गेलं.

आता '=१'. तो जुलै २०२४ मध्ये आला, निर्माता बॉब एझरिन. पिंक फ्लॉइडच्या 'द वॉल'च्या निर्मात्यांपैकी एक तो हाच, आणि २०१३ च्या 'नाऊ व्हॉट?!'पासून पर्पलबरोबर आहे. मोर्स पत्नीच्या आजारपणामुळे २०२२ मध्ये बाजूला झाला. त्याच्या जागी आलेला बेलफास्टचा सायमन मॅकब्राइड हा काही उपरा नाही, आधी डॉन एअरीच्या स्वतःच्या बँडमध्ये आणि गिलनबरोबरही वाजवत होता. अल्बम आला तेव्हा गिलन आणि ग्लोव्हर ७८ वर्षांचे, पेस आणि एअरी ७६ चे, मॅकब्राइड ४५ चा. ही वयं पुन्हा वाच. माझ्या ओळखीतले साठीचे ड्रमर दोन तासांच्या कार्यक्रमानंतर खांदा धरून बसतात.

मोर्स गोडवा आणि गुंतागुंत घेऊन आला होता. मॅकब्राइड धार घेऊन आला. त्याचा हात जड आहे, ब्लूजमध्ये मुरलेला आहे, आणि त्याने एअरीला पुन्हा भांडायला कोणीतरी दिलं. 'पोर्टेबल डोअर' लाव. ऑर्गन आणि गिटार पुन्हा एकमेकांच्या अंगावर धावून जातात, आणि हे फार वर्षांनी इतकं मनापासून ऐकायला मिळालं. मला त्या गाण्याने पहिल्याच दिवशी तीनदा परत लावायला लावलं.

तरी फरक आहे, आणि तुला जे सापडत नाहीये ते हेच असावं असं मला वाटतं. '=१'मध्ये गिटार आणि ऑर्गन दोन वेगळी माणसं आहेत. एक बोलतो, दुसरा उत्तर देतो, फार सुंदर देतो. 'मशीन हेड'मध्ये दोघांचा मिळून एकच गळा आहे. जुगलबंदी आणि सहगायन यांत जो फरक, तो. जुगलबंदीत कमीपणा काही नाही, पण सहगायनात जो एक आवाज अंगावर येतो तो तिथे येत नाही.

दुसरं, जागा. सात गाण्यांत 'लेझी'सारखं गाणं चार मिनिटं वाट पाहू शकतं. तेरा गाण्यांत बहुतेक गाणी तीन ते पाच मिनिटांत आटोपतात, त्यामुळे प्रत्येक गाणं लवकर मुद्द्यावर येतं आणि लवकर निघून जातं. एझरिनची बांधणी नेटकी आहे, एक मात्रा वाया जात नाही. मला मात्र काही मात्रा वाया गेलेल्या हव्या होत्या. शेवटचं 'ब्लीडिंग ऑब्व्हियस' सगळ्यांत लांब आहे, वळणं घेत जातं, आणि तिथे बँड ऐसपैस बसतो. माझ्या हातात असतं तर तीन-चार गाणी काढून ती सगळी मिनिटं मी त्याला आणि 'पोर्टेबल डोअर'ला दिली असती.

गिलनचं कौतुक मात्र मोकळ्या मनाने करायला हवं. 'हायवे स्टार'मधली ती किंकाळी आता नाही, 'चाइल्ड इन टाइम' हे तसंच किंचाळायचं जुनं गाणं तर त्याने मंचावर गाणं कधीच सोडलं. पण तो रडत बसला नाही. त्याने खालच्या पट्टीत, जवळजवळ बोलल्यासारखं गाणं पत्करलं आणि शब्दांवर जास्त मेहनत घेतली. 'लेझी सॉड'ची गोष्ट छान आहे. एका पत्रकार बाईने त्याला विचारलं, आजवर किती गाणी लिहिलीत? त्याने सांगितलं, पाचशेच्या वर. ती म्हणाली, डॉली पार्टनने पाच हजारांच्या वर लिहिलीत. म्हणून गाण्याचं नाव 'आळशी मेला'. 'लेझी' आणि 'लेझी सॉड', 'पिक्चर्स ऑफ होम' आणि 'पिक्चर्स ऑफ यू', अशा नावांच्या जोड्या दोन अल्बमांमध्ये आहेत, त्या एकापाठोपाठ एक लावून ऐक. 'पिक्चर्स ऑफ होम'मध्ये ग्लोव्हरचासुद्धा बासचा छोटा सोलो आहे. '=१'मध्ये बास पाठीशी उभा आहे, भक्कम, पण पुढे येत नाही.

पेस? हात कमी फिरतो, पण जिथे फिरतो तिथे जुना माणूस लगेच ओळखू येतो. २०१६ मध्ये त्याला सौम्य पक्षाघाताचा झटका येऊन गेला होता. त्यानंतर आठ वर्षांनी हा अल्बम आलाय. त्याचे स्नेअरवरचे ते हलके, कुजबुजल्यासारखे ठोके आहेत ना, ते अजून तसेच आहेत. मी ते ऐकले आणि मला भरून आलं.

एक गोष्ट लक्षात ठेव. २०२४ मध्येच 'मशीन हेड'ची मोठी आवृत्ती आली आणि तिचं नवं मिक्स, म्हणजे वाद्यांच्या आवाजांची नवी जुळणी, ड्वीझिल झापाने केलं. ज्याच्या कार्यक्रमात कसिनो जळाला त्या फ्रँक झापाचा हा मुलगा. तुलना करताना तू कोणतं मिक्स ऐकतोयस ते बघून घे. मी जुनंच ऐकायला सांगेन, माझा कान त्यावर घडलाय आणि त्यातली कॉरिडॉरची हवा मला हवी असते.

गॅदरिंगसाठी: जुन्यातलं 'स्मोक'च घ्या. सगळे वाजवतात म्हणून टाळू नका, कारण बरोबर कोणी वाजवत नाही. 'हायवे स्टार'च्या नादी लागू नका, तुमच्या गायकाचा गळा आणि गिटारवाल्याचे तीन महिने दोन्ही जातील. नव्यातलं 'पोर्टेबल डोअर' घ्या. पट्टी गायकाला झेपेल आणि कीबोर्डवाल्याला खरं काम मिळेल. त्याला सांग, स्टेजवर कीबोर्ड थेट मिक्सरला देऊ नको. आपल्याकडे सगळे तेच करतात आणि मग ऑर्गन लग्नातल्या कीबोर्डसारखा वाजतो. रॉक ऑर्गनचा टोन लावायचा, त्यातला फिरता इफेक्ट बंद करायचा, तार गिटारच्या ॲम्पमध्ये घालायची, ओव्हरड्राइव्ह थोडाच, आणि त्या ॲम्पसमोर माईक. आवाज गिटारीच्या बरोबरीने, वर नाही.

ड्रमरला 'स्मोक'च्या सुरुवातीला हाय-हॅटवर घाई करू देऊ नको. बाकीचे आत येईपर्यंत त्याने त्याच वजनाने वाजवत राहायचं.

रविवारी सकाळी नऊला क्लास रिकामा असतो. पंधरा वॉटचा जुना गिटार ॲम्प तिथे आहे, कीबोर्डवाल्याला घेऊन ये. शेजाऱ्यांची काळजी करू नको, भिंतीला मीही गाद्या लावल्यात. काकांना यायचं असेल तर त्यांनाही आण, त्यांच्यासाठी खुर्ची ठेवतो.